मिस ऑलिम्पिया: कोण जिंकलं आणि कोणत्या नियमांनी जिंकलं?

महिलांच्या शरीरसौष्ठव स्पर्धा आणि त्यांतल्या जुन्या विजेत्या यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: महिलांची पहिली शरीरसौष्ठव स्पर्धा कोणती? एका ठिकाणी १९७७ वाचलं, दुसरीकडे १९७९, तिसरीकडे १९८०. खरं कोणतं धरायचं? (सांगली)

तिन्ही सालं बरोबर आहेत. फरक आहे तो 'पहिली' म्हणजे नेमकी कशातली पहिली, याचा.

नोव्हेंबर १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन या गावी, हेन्री मॅघी यांनी एक स्पर्धा भरवली. ते तिथल्या वायएमसीएत काम करायचे. त्याआधीही पुरुषांच्या स्पर्धेला जोडून मुलींच्या स्पर्धा व्हायच्या, पण त्यांत चेहरा आणि चालणं बघून बक्षीस मिळे. मॅघींनी पंचांना सांगितलं, पुरुषांचे जसे स्नायू बघता तसेच यांचे बघा. जीना लास्पिना ही स्पर्धा जिंकली. म्हणून खेळाचा इतिहास सहसा इथून मोजतात.

जून १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला झालेली जागतिक स्पर्धा लिसा लायनने जिंकली. तिच्या आयुष्यातली ती एकमेव स्पर्धा. पण तिची छायाचित्रं जगभर छापून आली आणि सर्वसामान्य लोकांना हा खेळ तिच्यामुळे कळला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात जॉर्ज स्नायडर यांनी रोख बक्षिसाची स्पर्धा घेतली, ती पॅट्सी चॅपमनने जिंकली. या स्पर्धेत मुली उंच टाचांचे बूट घालून उभ्या राहत आणि मुठी वळणं जवळपास टाळत. सौंदर्यस्पर्धेची सावली अजून पुरती गेली नव्हती.

३० ऑगस्ट १९८० रोजी फिलाडेल्फियात स्नायडर यांनीच पहिली 'मिस ऑलिम्पिया' भरवली. टेक्सासची रेचल मॅक्लिश तिची विजेती. आज व्यावसायिक विजेत्यांची जी यादी सांगतात ती इथून सुरू होते.

वजनं उचलणाऱ्या बायका मात्र याच्या कितीतरी आधीपासून होत्या. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर अ‍ॅबी 'पजी' स्टॉकटन १९४०च्या दशकात बारबेल उचलायची, माणसं डोक्यावर तोलायची, आणि १९४४ पासून एका व्यायाम-मासिकात स्त्रियांसाठी सदरही लिहायची. आपल्याकडे १९५०च्या दशकात बंगालची रेबा रक्षित छातीवरून हत्ती चालवून दाखवत असे. या दोघींना शरीरसौष्ठवपटू म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या काळी तसा मंचच नव्हता. पण बाईच्या अंगात ताकद असते आणि ती चारचौघांत दाखवता येते, हे लोकांनी आधी त्यांच्याकडून पाहिलं.

प्रश्न: मिस ऑलिम्पियाच्या विजेत्यांची बिनचूक यादी द्याल का? २००० ते २००४ या वर्षांची नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसतात. (नाशिक)

१९८० रेचल मॅक्लिश. १९८१ फिनलंडची कीके एलोमा, जी पुढे गायिका झाली आणि त्यानंतर फिनलंडच्या संसदेतही निवडून गेली. १९८२ पुन्हा मॅक्लिश. १९८३ कार्ला डनलप, हा किताब जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९८४ ते १९८९ सलग सहा वर्षं कोरी एव्हरसन. १९९० ते १९९५ सलग सहा वर्षं लेंडा मरे. १९९६ ते १९९९ सलग चार वर्षं किम चिझेव्हस्की.

गोंधळ यानंतरचा आहे. २००० साली वजनगट आले. १३५ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ६१ किलोपर्यंत, हलका गट आणि त्यावर जड गट. त्या वर्षी हलक्या गटात ब्रिटनची आंद्रुला ब्लँचेट आणि जड गटात युक्रेनची व्हॅलेंटिना चेपिगा जिंकली. दोघींतून एक निवडण्याची फेरी झालीच नाही, त्यामुळे २००० साठी दोन नावं लिहावीच लागतात. २००१ पासून दोन्ही गटविजेत्यांना समोरासमोर उभं करून एकूण विजेती ठरू लागली:

२००१: हलका गट जुलिएट बर्गमन, जड गट आयरिस काइल, एकूण विजेती बर्गमन.
२००२ आणि २००३: हलका गट बर्गमन, जड गट लेंडा मरे, दोन्ही वर्षी एकूण विजेती मरे.
२००४: हलका गट डायना काडो, जड गट आयरिस काइल, एकूण विजेती काइल.

काही याद्या फक्त एकूण विजेती देतात, काही गटविजेत्याही देतात. म्हणून नावं जुळत नाहीत. २००५ मध्ये वजनगट रद्द झाले आणि व्हेनेझुएलाची याक्सेनी ओरिकेन जिंकली. २००६ ते २०१४ सलग नऊ वर्षं आयरिस काइल. २००४ धरून तिचे एकूण किताब दहा होतात. पुरुषांच्या मिस्टर ऑलिम्पियात ली हेनी आणि रॉनी कोलमन यांचे प्रत्येकी आठ आहेत, हे शेजारी ठेवून पाहा. २०१५ ते २०१९ स्पर्धा झाली नाही. २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि अँड्रिया शॉने २०२० ते २०२३ हे चारही किताब घेतले.

लेंडा मरेचे किताब कुठे सहा तर कुठे आठ लिहिलेले असतात. आठ बरोबर आहे. १९९७ ला थांबून ती २००२ मध्ये परतली आणि आणखी दोन जिंकली. नेदरलँड्सच्या बर्गमनने तर दहा वर्षांहून अधिक काळ मंच सोडला होता. चाळिशी उलटल्यावर येऊन तिने २००१ चा किताब नेला. या खेळात इतकं मोठं पुनरागमन दुसरं सापडणं कठीण आहे, आणि तरी तिचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं, याचं वाईट वाटतं.

प्रश्न: बेव्ह फ्रान्सिस १९८३ मध्ये आठवी आली आणि १९९१ मध्ये जवळजवळ पहिली. शरीर तर ती वाढवतच गेली होती. मग पंचांचं मत कसं पालटलं? (पुणे)

या खेळाचा सगळा इतिहास या एका प्रश्नात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेव्ह फ्रान्सिस ही ऑस्ट्रेलियाची गोळाफेकपटू आणि पॉवरलिफ्टर. पॉवरलिफ्टिंगमध्ये सहा वेळा जगज्जेती. बेंच प्रेसवर, म्हणजे बाकावर उताणं झोपून, ३०० पौंडांहून जास्त, म्हणजे १३६ किलोंच्या वर उचलणारी पहिली स्त्री. १९८३ च्या शेवटी लास व्हेगासला एका स्पर्धेत ती उतरली. त्या स्पर्धेवर माहितीपट निघाला, म्हणून ती आजही पाहायला मिळते. स्नायूंच्या आकारात तिच्या जवळपासही कोणी नव्हती, तरी तिला आठवा क्रमांक मिळाला. जिंकली कार्ला डनलप.

पंचांना तेव्हा 'स्नायू बघा, पण स्त्रीसुलभता राखलेली हवी' असं सांगितलेलं असे. यातला पहिला भाग डोळ्यांनी मोजता येतो. दुसऱ्याला माप नाही, ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. मंचावर दहा जणी असतील तर पंच मधला आकार धरून चालतात, आणि जी त्या मधल्या आकारापासून सगळ्यांत दूर ती खाली जाते. फ्रान्सिसचं तेच झालं. त्यातून तिच्या अंगात त्या वेळी पॉवरलिफ्टरचा जाडसरपणा होता आणि मंचावर पोझ देण्याचा सराव तोकडा होता. हा दोष खरा होता, आणि तो तिने पुढे काढून टाकला.

१९८७ मध्ये ती व्यावसायिक जागतिक स्पर्धा जिंकली. १९९० ला मिस ऑलिम्पियात लेंडा मरेमागे दुसरी आली. तोवर मधला आकारच पुढे सरकला होता, कारण सगळ्याच जणींचे स्नायू वाढले होते. १९९१ साठी तिने वजन १६१ पौंडांवर, म्हणजे ७३ किलोंवर नेलं. ही स्पर्धा अमेरिकेत दूरचित्रवाणीवर थेट दाखवली गेली. प्राथमिक फेरीत फ्रान्सिस पुढे होती, अंतिम बेरजेत मरे एका गुणाने जिंकली. फ्रान्सिस त्यानंतर मंचावर उतरली नाही.

लगेच १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने पंचांना लेखी सूचना दिल्या की फार मोठे स्नायू नकोत. त्या वर्षीच्या मिस इंटरनॅशनल स्पर्धेत ५९ किलोंची अन्या श्राइनर पहिली आणि तिच्याच उंचीची, ७३ किलोंची पॉला बर्कमशॉ आठवी. रेषा आणि प्रमाणबद्धता दोघींची तोडीस तोड होती. निकालाला एरवी दहा जणींना मंचावर बोलवत. त्या दिवशी सहाच बोलावल्या. प्रेक्षकांनी बर्कमशॉच्या नावाचा गजर लावला आणि ती न बोलावता मंचावर येऊन उभी राहिली. आमच्या मते प्रेक्षक बरोबर होते. खेळाडू वर्षभर आधीच्या निकालावरून तयारी करते. नियम आयत्या वेळी फिरवले तर तिची मेहनत तिच्याच विरुद्ध जाते.

पुढेही हेच होत राहिलं. २००० च्या आरंभी चेहरा, मेकअप आणि त्वचेचा पोतही बघा, असं पंचांना कळवलं गेलं. २००५ पासून लागू म्हणून स्नायू वीस टक्क्यांनी कमी करा, असं पत्रक निघालं. वीस टक्के कशाच्या, हे कुठल्या टेपने मोजणार? म्हणून जुन्या विजेत्यांची तुलना करताना त्या त्या वर्षी पंचांना काय बघायला सांगितलं होतं, ते आधी पाहावं. मॅक्लिश १९९६ च्या मंचावर मागे पडली असती, आणि चिझेव्हस्कीला १९८० मध्ये फ्रान्सिससारखंच खाली ढकललं असतं. यातून दोघींपैकी कोणीही लहान ठरत नाही.

प्रश्न: एका गुणाने हार होते म्हणजे काय? गुण कसे देतात? (ठाणे)

प्रत्येक पंच गुण देत नाही, क्रमांक देतो: पहिली, दुसरी, तिसरी असे. मग सगळ्या पंचांचे क्रमांक मिळवतात. बेरीज ज्या खेळाडूची सर्वांत कमी, ती पहिली. टोकाचं मत निकाल बिघडवू नये म्हणून सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळतात. नऊ पंच असले तर दोन्ही बाजूंचे दोन-दोन.

सात पंच आहेत असं समजा. 'अ'ला मिळालेले क्रमांक १, १, २, १, ३, २, १. 'ब'ला २, २, १, २, १, १, २. सगळे मिळवले तर दोघींचे ११, म्हणजे बरोबरी. आता 'अ'चा एक १ आणि एक ३ काढा: उरले ७. 'ब'चा एक १ आणि एक २ काढा: उरले ८. 'अ' एका गुणाने जिंकली. एका पंचाने तिला तिसरी ठेवलं होतं, पण ते मत वगळलं गेलं. 'ब'ला मात्र वगळण्यासारखं टोकाचं मत नव्हतं, म्हणून तिला त्याचा काहीच लाभ झाला नाही. स्थानिक स्पर्धेत निकालावरून वाद झाला तर आधी गुणपत्रिका मागा आणि ही वजाबाकी करून पाहा. पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं.

प्रश्न: २०१५ ते २०१९ मिस ऑलिम्पिया बंद का होती? (नागपूर)

तिकिटं आणि प्रायोजक. याची चाहूल १९९९ मध्येच लागली होती. त्या वर्षीची स्पर्धा महिनाभर आधी रद्द केल्याचं जाहीर झालं होतं, कारण आगाऊ तिकीटविक्री कमी झाली म्हणून संयोजकांनी अंग काढून घेतलं. त्यावर एवढा आरडाओरडा झाला की न्यू जर्सीतल्या दुसऱ्या कार्यक्रमाला जोडून ती २ ऑक्टोबरला उरकली गेली. त्यासाठी एका व्यायाम-मासिकाने ५० हजार डॉलर दिले.

दुसरीकडे नवे प्रकार येत गेले: १९९५ ला फिटनेस, २००३ ला फिगर, २०१० ला बिकिनी, २०१३ ला विमेन्स फिजिक. हे सर्व ऑलिम्पियातले आहेत. या प्रत्येकात स्नायू शरीरसौष्ठवापेक्षा कमी लागतात, त्यामुळे स्पर्धक जास्त येतात आणि प्रवेशशुल्कही जास्त जमतं. हौशी आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही शरीरसौष्ठवाची जागा फिजिकने घेतली. मिस इंटरनॅशनल २०१३ ला शेवटची झाली, मिस ऑलिम्पिया २०१४ ला थांबली. मधली पाच वर्षं अमेरिकेतल्या दुसऱ्या एका स्पर्धेने या खेळाडूंना मंच दिला, म्हणूनच २०२० मध्ये परतायला कोणी शिल्लक राहिलं.

प्रश्न: माझी भाची, वय २४, जिल्हा पातळीवर महिला फिजिकमध्ये उतरणार आहे. व्यायाम चांगला आहे, पण पोझिंग कोणी शिकवत नाही. (कोल्हापूर)

फिजिकमध्ये आधी चार बाजूंनी उभं राहणं आणि मग चार सक्तीच्या पोझ असतात: फ्रंट डबल बायसेप्स, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, साइड ट्रायसेप्स. पाय अनवाणी. शरीरसौष्ठवाशी असलेला मोठा फरक हाताचा: फिजिकमध्ये मूठ वळत नाहीत, तळवा उघडा आणि बोटं जुळलेली. मूठ वळली तर पंच ती चूक धरतात.

फ्रंट डबल बायसेप्स: पंचांकडे तोंड, एक पाय बाजूला लांबवून मांडी ताणलेली. कोपर खांद्याच्या पातळीत किंवा किंचित वर. कोपर खाली आले की खांदे अरुंद दिसतात. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच, कारण दहाव्या सेकंदाला हात थकतात.

साइड चेस्ट: हात पुढे लांब, कोपर सरळ. पुरुषांसारखा हात छातीशी दाबायचा नाही.

बॅक डबल बायसेप्स: एक पाय मागे, चवड्यावर, म्हणजे पोटरी दिसते. इथे कोपर मागे ओढू नका. मागे ओढले की खांद्याची पाती जवळ येतात आणि पाठीची रुंदी नाहीशी होते. कोपर जरासे पुढेच ठेवा, छाती वर आणि कंबरेला हलकी कमान.

साइड ट्रायसेप्स: दोन्ही हात पाठीमागे, मागच्या हाताने पुढच्या हाताचं मनगट धरलेलं, पुढचा हात सरळ. खांदा कानाकडे चढला तर मान जाते. आधी खांदा खाली दाबा, मग ताण द्या.

वळताना नेहमी उजवीकडे. स्पर्धेच्या आधी आठ ते दहा आठवडे रोज १५ मिनिटं सराव, प्रत्येक पोझ २० सेकंद धरून. श्वास कोंडायचा नाही, छोटे श्वास चालू ठेवायचे. कोंडला की चेहरा लाल होतो आणि पोट थरथरतं. मोबाइल कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा, कारण पंच मंचाखाली बसलेले असतात आणि त्यांना खालूनच दिसतं. आरशात बघून केलेला सराव पाठीच्या पोझला निरुपयोगी.

रंग लावण्याबद्दल: केस आदल्या एक-दोन दिवसांत काढा, त्याच दिवशी नको, नाहीतर रंग झोंबतो. अंग खरखरीत कापडाने घासून धुवा. त्यानंतर क्रीम, तेल, डिओडरंट काही नाही. काखेत डिओडरंट राहिला तर रंग हिरवट पडतो. दोन-तीन पातळ थर, प्रत्येक पूर्ण वाळू द्या. मूळचा वर्ण सावळा असला तरी थर लागतो. मंचावरच्या दिव्यांत स्नायूंमधल्या रेषा पुसट होतात.

प्रश्न: वजन किती दिवसांत उतरवावं? प्रथिनं किती? शाकाहारी मुलीला जमेल का? (रत्नागिरी)

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ६२ किलोंवरून ५५ वर यायचं असेल तर आठवड्याला ४०० ग्रॅमच्या हिशेबाने १७-१८ आठवडे लागतात. लोक १० आठवड्यांत करायला जातात, मग चरबीबरोबर स्नायूही जातो आणि मंचावर अंग सपाट दिसतं.

प्रथिनं रोज, वजनाच्या दर किलोला १.८ ते २.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोंना १०८ ते १३२ ग्रॅम. शाकाहारात जमतं: कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅमला सुमारे ५२ ग्रॅम, पनीरमध्ये सुमारे १८. पण पनीरबरोबर स्निग्ध पदार्थही येतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत दह्याचा चक्का किंवा व्हे (दुधातल्या प्रथिनांची पूड) जास्त सोयीचं. डाळीवर सगळी भिस्त ठेवलीत तर पिष्टमय पदार्थ हिशेबाबाहेर जातात.

पाळी तीन महिने आली नाही तर स्पर्धा लांबणीवर टाकून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. शरीराला खाणं कमी पडतंय याची ती खूण आहे, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात. शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडणं आणि लघवीच्या गोळ्या घेणं कोणी सुचवलं तर साफ नकार द्या. पोटॅशियमचं प्रमाण बिघडून हृदयाचे ठोके चुकतात. त्यात स्नायूंतलंही पाणी जातं, म्हणजे ज्यासाठी हे केलं तेही साधत नाही.

प्रश्न: इंजेक्शनं घेतल्याने आवाज बसतो, ती बंद केल्यावर आवाज परत येतो का? (नाव-गाव नको)

नाही. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडमुळे स्त्रीचा आवाज एकदा जाड झाला की तो बहुतेक तसाच राहतो, कारण स्वरतंतूच जाड होतात. जननेंद्रियातली वाढही उलटत नाही. चेहऱ्यावरचे केस पुष्कळदा राहतात. पाळी आणि मुरमं यांत औषध थांबवल्यावर सुधारणा होऊ शकते. 'कमी डोस', 'बायकांसाठीची गोळी' असं सांगून दिलं जाणारं औषधही याच जातीचं असतं. आवाजात घोगरेपणा जाणवला त्याच दिवशी थांबवा आणि अंतःस्रावतज्ज्ञांना सगळी नावं, मात्रा खरी खरी सांगा. डॉक्टर तुमच्यावर खटला भरत नाहीत.

प्रश्न: माझ्याकडे जुन्या परदेशी मासिकांतली कात्रणं आहेत, साल लिहिलेलं नाही. ओळखावं कसं? (पणजी)

पाय आणि हात बघा. उंच टाचा आणि उघडे हात, पण चित्र जुन्या छपाईचं, तर १९७९-८० च्या आसपासचं. उंच टाचा आणि नव्या धर्तीची छपाई असेल तर ते फिगर किंवा बिकिनी असणार. अनवाणी आणि वळलेल्या मुठी म्हणजे शरीरसौष्ठव. अनवाणी आणि उघडे तळवे म्हणजे बहुधा २०११ नंतरचं फिजिक.

मिस ऑलिम्पियाच्या बक्षीस समारंभाचं चित्र असेल तर जोडीवरून साल निघतं. एव्हरसन पहिली, मॅक्लिश दुसरी: १९८४. मरे पहिली, फ्रान्सिस दुसरी: १९९० किंवा १९९१. यातलं फ्रान्सिस स्पष्ट जास्त भरलेली दिसते ते १९९१. मरे पहिली, चिझेव्हस्की दुसरी: १९९५. उलट क्रम असेल तर १९९६ किंवा १९९७. शेजारी मिस्टर ऑलिम्पियाही उभा असेल तर आधी २००० ते २०१४ धरून शोधा, त्या वर्षांत दोन्ही स्पर्धा लास व्हेगासला एकाच आठवडाअखेरीस होत. कात्रणाची मागची बाजूही वाचा. जाहिरातीत पुढच्या स्पर्धेची तारीख छापलेली असली तर साल तिथेच मिळतं.